लॅपटॉपचा फॅन बदलण्याआधी हे वाचा

लॅपटॉपमधून घरघर येऊ लागली की ग्राहक दुकानात येऊन थेट सांगतात, "फॅन बदलून द्या." आम्ही मात्र आधी लॅपटॉप उघडून बघतो, कारण पुष्कळदा फॅन धडधाकट असतो आणि खरी अडचण त्याच्या तोंडाशी असते. फॅन जिथून हवा बाहेर टाकतो, तिथे हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पातळ पत्र्यांची जाळी असते. मेट्रो आणि इमारतींच्या कामांची धूळ, चादरीचे तंतू, केस हे सगळं तिथे अडकतं आणि त्याचा नमद्यासारखा घट्ट थर बसतो. हवेला वाटच उरत नाही, म्हणून फॅन सारखा पूर्ण वेगाने पळत राहतो. अशा लॅपटॉपला साफसफाई पुरते. त्यावर नवा फॅन विकणं आम्हाला पटत नाही.

फॅन खरोखर गेला असेल तर आवाज वेगळा येतो. सुरू करताना खरखर होते, लॅपटॉप थोडा कलता केला की सूर बदलतो, आणि उघडल्यावर पाती हाताला डुगडुगताना लागतात. हे झिजलेलं बेअरिंग. तेल सोडून ते काही दिवस गप्प बसतं, पण त्या तेलावर धूळ चिकटते आणि दुखणं परत येतं. आम्ही तेल सोडत नाही.

आवाज अजिबात बंद होणं हे जास्त धोक्याचं. फॅन थांबला की प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर लॅपटॉप अचानक बंद पडतो. असं होत असेल तर तो पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका.

पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून स्वतः फॅन आणणार असाल, तर नुसतं मॉडेलचं नाव सांगून घेऊ नका. एकाच मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्ड असलेल्या आणि नसलेल्या लॅपटॉपचे फॅन वेगळे असू शकतात. दोन फॅन असतील तर डावा उजवीकडे बसत नाही. जुन्या फॅनच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर, व्होल्टेज आणि कनेक्टरच्या तारा जुळवून घ्या. बहुतेक फॅन ५ व्होल्टचे असतात, काही गेमिंग लॅपटॉपमध्ये १२ व्होल्टचेही येतात.

काम करताना आम्ही सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढतो. काही मॉडेलमध्ये फॅन दोन-तीन स्क्रू काढले की सुटतो. काहींमध्ये हीटसिंकही उचलावा लागतो. तो उचलला की प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी जुनी, वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावीच लागते. जुन्या पेस्टवर हीटसिंक परत दाबून बसवणं म्हणजे अर्धवट काम. शेवटी लॅपटॉपला जड काम लावून तापमान बघतो, तुम्हालाही दाखवतो. काढलेला फॅन तुमच्या हातात देतो.

घरी ब्लोअरने धूळ उडवायची असेल तर लॅपटॉप बंद ठेवा आणि पाती फिरू देऊ नका. जोराच्या हवेने ती भलत्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करणंही टाळा. बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा ओढतात.

साफसफाईचा आणि फॅनचा खर्च आम्ही वेगवेगळा सांगतो. तुमचा होकार आल्याशिवाय नवा फॅन बसवत नाही. येताना चार्जर आणा, महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या, आणि आवाज कधी येतो हे नीट आठवून या. जमलं तर त्या आवाजाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून आणा.