तळं, भोंगा आणि बाग : सोलापूरच्या सार्वजनिक विरंगुळ्याची पार्श्वभूमी

मे महिन्यात सोलापूरचा पारा चव्वेचाळीसकडे सरकला की घराघरांत दोन प्रश्न निघतात. नळाला पाणी आता कधी येणार, आणि सुट्टीत पोरांना पोहायला कुठे पाठवायचं. वरवर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण या शहरातल्या बागा, मैदानं आणि जलतरण तलाव कसे आले हे शोधत गेलं, की माग नेहमी दोनच ठिकाणी जातो : पाणी कुठून आणलं, आणि माणसाला मोकळा वेळ कधी मिळाला. फलक कुणी लावला, फीत कुणी कापली, हे सगळं नंतरचं.

सुरुवात सिद्धेश्वर तळ्यापासूनच करावी लागते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून हे तळं खोदून घेतलं, अशी शहराची श्रद्धा आहे. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या या मुलखात तळं खोदणं हेच मोठं पुण्य होतं. तळ्याकाठी देऊळ आलं, देवळाभोवती यात्रा आली. मकरसंक्रांतीची गड्डा यात्रा आजही तिथेच भरते. तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदानावर होमप्रदीपन होतं आणि शोभेचं दारूकाम पाहायला गाव लोटतं. बाहेरगावचे लोक 'होम मैदान' हे नाव इंग्रजी समजतात. तो होम म्हणजे होमहवनातला. यात्रेचे दिवस सरले तरी पाळणे आणि खेळण्यांचे स्टॉल पुढे बरेच दिवस राहतात. मोकळी जागा, पाणी आणि गर्दी यांचा हा मेळ नगरपालिकेच्या कितीतरी शतकं आधीचा आहे, आणि त्यासाठी कुणाला कधी तिकीट काढावं लागलं नाही. म्हणून 'सोलापुरातलं पहिलं सार्वजनिक उद्यान कोणतं' असं कुणी विचारलं तर मी होम मैदानाचंच नाव घेईन, मग तिथे हिरवळ असो वा नसो.

तळ्याला लागून भुईकोट किल्ला आहे. बहमनी काळातला, दुहेरी तटाचा, तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या बाजूला हे तळं. पाणी इथे संरक्षणासाठी अडवलेलं होतं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांकडून घेतला आणि त्याचं लढाऊ महत्त्व संपलं. पुढच्या काळात किल्ल्याच्या परिसरात झाडं वाढली, पायवाटा झाल्या, लोक फिरायला येऊ लागले. छावणीच्या निमित्ताने इंग्रजांनी शहराच्या त्या अंगाला रुंद रस्ते आखले आणि मोकळी मैदानं ठेवली. डफरीन चौक, सात रस्ता, रेल्वे लाईन हा भाग अजूनही पेठांपेक्षा ऐसपैस वाटतो, त्याचं कारण हेच. पण ती ऐसपैस जागा सगळ्यांसाठी नव्हती.

पेठांतल्या माणसाचा विरंगुळा वेगळा होता. तो तालमीत आणि विहिरीवर होता. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं आज गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ऐकू येतात, पण मुळात ती लाल मातीची ठिकाणं. पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी कुस्ती आणि रात्री कट्ट्यावर गप्पा. त्या काळातली व्यायामशाळा, क्लब आणि समाजमंदिर सगळं एकाच छपराखाली. पोहणं शिकायचं ते मळ्यातल्या विहिरीत. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा आणि काकाने नाहीतर थोरल्या भावाने वरून ढकलून द्यायचं. डबा सुटला की पोरगं पोहायला शिकलं. या शिक्षणात जीवही गेले आहेत, हे विसरून त्या आठवणी रंगवू नयेत. सार्वजनिक जलतरण तलाव आणि त्यावर नेमलेला जीवरक्षक यांची गरज तिथूनच निर्माण झाली.

आता गिरणीच्या भोंग्याकडे वळू. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, तिलाच लोक पुढे 'जुनी गिरणी' म्हणू लागले. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. दुष्काळाने उठलेली खेड्यातली माणसं, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि कानडी मुलखातली कुटुंबं एका शहरात आली. पूर्वभागात घराघरांत माग लागले. या माणसांचा दिवस भोंग्याने उजाडायचा. १८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी पदरात पडली. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ मध्ये आठवडा साठ तासांचा झाला, १९३४ मध्ये चोपन्न आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर अठ्ठेचाळीस. बागेच्या इतिहासात हे आकडे कशाला, असं वाटेल. पण बारा तास साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभं राहून आलेल्या माणसाला संध्याकाळची बाग कशी भेटणार? फिरायला जाणं ही वकील-डॉक्टरांची सवय कामगाराच्या घरात शिरली ती कामाचे तास कमी झाल्यावर. आणि यंत्रमागावर किंवा विड्या वळण्यात ज्यांचे दिवस जातात, त्यांना हे तास आजही कायद्यात लिहिल्यासारखे मिळतातच असं नाही. संध्याकाळी सहाला बंद होणारी बाग विडी कामगार बाईच्या काय उपयोगाची?

गिरण्यांच्या थोडं आधी, १८७१ मध्ये, अदिला नदीवर एकरूख तलाव पूर्ण झाला. गावकरी त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. तो बांधला शेतीसाठी, पण पुढे वाढत्या शहराची तहान त्यानेच भागवली. नळाने पाणी आलं तेव्हा कुठे नगरपालिकेला बाग फुलवण्याचा विचार करता आला. मात्र पाण्याची ओढ कधी सुटली नाही. पुढे भीमेवरून टाकळीचं आणि नंतर उजनीचं पाणी आलं, तरी शहराला ते रोज पुरलं नाही. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गल्लीत राहून बागेच्या हिरवळीवर फिरणारं पाणी पाहताना माणसाच्या मनात काय येतं, ते सोलापूरकराला समजावून सांगावं लागत नाही.

'सार्वजनिक' या शब्दात कोण येतं, हा प्रश्नही याच काळात उभा राहिला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला : सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठरावात बागांचा उल्लेख नव्हता, पण तत्त्व तेच होतं. ज्यावर करदात्याचा पैसा लागला त्याला जातीचं दार लावता येणार नाही. १९२५ च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढलं ते सोलापुरातच, म्हणजे हा प्रश्न इथे दूरचा नव्हता. बागेत कुणीही कुणाशेजारी बसू शकतं ही आज आपल्याला साधी वाटणारी गोष्ट अशी लढून मिळालेली आहे.

मग १९३०. सोलापूरच्या नगरपालिकेने ६ एप्रिलला आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला. मे महिन्यात शहर पेटलं आणि सरकारने मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांची स्मृती शहराने दगडी स्तंभापुरती ठेवली नाही. चौकात चार पुतळे उभे राहिले, नाट्यगृहाला हुतात्मा स्मृतिमंदिर हे नाव मिळालं आणि किल्ल्याशेजारची बाग हुतात्मा बाग झाली. मला या तिन्हींत बाग सर्वांत मोलाची वाटते. पोरं तिथे घसरगुंडीवरून घसरतात आणि घरी जाताना 'हुतात्मा म्हणजे काय हो आजोबा?' असं विचारतात.

१ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. इथे कायद्याचा एक बारकावा आहे, आणि बरीचशी दुखणी त्यातूनच निघाली आहेत. १९४९ च्या महापालिका कायद्यात पालिकेची कामं दोन भागांत मांडली आहेत, काही बंधनकारक आणि काही ऐच्छिक. पाणी, गटारं, दिवे, साफसफाई ही बंधनकारक. उद्यानं आणि मैदानं यांसारख्या सोयी मात्र ऐच्छिक. पैसा कमी पडला की कात्री कुठे लागणार हे तिथेच ठरून गेलं. गिरण्या चालू होत्या तोवर जकात आणि करांनी पालिकेची तिजोरी भरत होती. जुनी गिरणी साठच्या दशकात गेली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात, आणि शहराचं उत्पन्न व उमेद दोन्ही आटली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा आणि खेळाची मैदानं नावानिशी घातली खरी, पण त्यामुळे माळ्याचा पगार आपोआप येत नाही.

तरीही याच महापालिकेच्या काळात पार्क मैदानावर इंदिरा गांधी स्टेडियम उभं राहिलं, सावरकर आणि मार्कंडेय असे जलतरण तलाव झाले आणि विजापूर रस्त्यावर कंबर तलावाच्या बाजूला, ज्याला आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात, शहराला फिरायला जागा मिळाली. पार्क चौकातल्या चौपाटीवर भेळ खाल्ल्याशिवाय रविवार पुरा होत नाही, असं मानणाऱ्या पिढीतला मीही आहे.

जलतरण तलावाबद्दल थोडं सविस्तर, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव धरला तर त्यात जवळपास ४ लाख ६९ हजार लिटर पाणी मावतं. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी मापाने ते साडेतीन हजार लोकांचं एका दिवसाचं पाणी झालं. टंचाईत तलाव बंद ठेवा अशी मागणी होते ती या हिशेबावरून, आणि तिच्यात तथ्य आहे. पण हे पाणी रोज बदलायचं नसतं. एकदा भरलेलं पाणी गाळण यंत्रातून फिरवत राहायचं, क्लोरीनची मात्रा सांभाळायची आणि बाष्पीभवनाने कमी होईल तेवढी भर घालायची. यंत्र नीट असेल तर एक भरणी बराच काळ पुरते. यंत्र बंद पडलं की पाणी हिरवं होतं, मग सगळंच उपसून टाकावं लागतं. लाखो लिटर वाया जातात ते तेव्हा. म्हणून दुष्काळी शहराने तलावच बांधू नये असं म्हणणं मला पटत नाही. गाळण यंत्राच्या देखभालीचा पैसा आणि माणूस आधी ठरवून मग तलावाला कुलूप लावायचं की नाही ते ठरवावं. मुली आणि बायकांसाठी स्वतंत्र वेळ असलेला पालिकेचा तलाव बंद पडला, तर त्यांना मळ्यातली विहीर हा पर्यायही उरत नाही.

१९९२ ची हद्दवाढ ही पुढची मोठी घटना. शहराचं क्षेत्र एकदम कित्येक पटींनी वाढून १७८ चौरस किलोमीटरच्या घरात गेलं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९,५१,५५८ होती. जुळे सोलापूरसारखी वस्ती वाढली, पण जुन्या शहरातली किल्ला-तळं-मैदान अशी तयार जागा तिथे नव्हती. तिथला आधार म्हणजे ले-आउटमधली 'ओपन स्पेस'. मोठी जमीन पाडून प्लॉट करताना साधारण दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. कागदावर ती सगळ्या प्लॉटधारकांची. प्रत्यक्षात आधी काटेरी बाभळी, मग एक ओटा, मग देऊळ, मग समाजमंदिर असा प्रवास कितीतरी ठिकाणी झाला. देवळाला माझा विरोध नाही, पण शेजारी चार झाडं आणि एक पाळणा राहिला असता तर देवालाही बरं वाटलं असतं. विकास आराखड्यातल्या आरक्षणांचं दुखणं आणखी वेगळं. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षण उठतं. भूसंपादनाला पैसा नसलेल्या पालिकेच्या बागा अशा नकाशातल्या नकाशात वाळून जातात. उलट, बागेसाठी ठेवलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळुरूच्या एका खटल्यात सांगितलं. भांडणाऱ्या रहिवाशांच्या हातात तो निकाल आजही कामाला येतो.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं. निवडलेला भाग होता सिद्धेश्वर तळं, होम मैदान, पार्क स्टेडियम आणि भोवतालचा परिसर, म्हणजे पुन्हा तेच जुनं केंद्र. तळ्याचा काठ सुधारला, मैदानाला रूप आलं, स्टेडियमचं काम झालं आणि रणजी करंडकाचा सामनाही तिथे खेळला गेला. याचा आनंद आहेच. मात्र प्रथम दर्जाची खेळपट्टी आणि टेनिस बॉलचे वीस डाव एका मैदानावर नांदत नाहीत. पार्कवर पूर्वी ज्यांचे डाव रंगायचे त्या मुलांना पर्यायी मैदान दाखवणं हे त्याच कामाचा भाग मानायला हवं होतं. हद्दवाढ भागात त्यासाठी जागा शोधायची तर सुरुवात आपल्या ले-आउटच्या मंजूर नकाशापासून करता येते. पालिकेच्या नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज केला की त्याची प्रत मिळते, आणि आपल्या गल्लीच्या टोकाला जिथे आज बाभळी आहेत त्या तुकड्यावर काय लिहिलं होतं ते त्यात दिसतं.