पीआर घेणे आणि रिझर्व्हमध्ये जाणे: फौजी वैमानिकांच्या दोन वाटा

वास्को, चिखली, बोगमाळो या पट्ट्यात नौदल म्हणजे शेजार. हंसावरचा, म्हणजे दाबोळीच्या नौदल हवाई तळावरचा, कोण सुटला, कोण एअरलाइनीत लागला, कोणाची फाइल दिल्लीत अडकली, हे इथे मासळी बाजारातसुद्धा कळते. म्हणून अमेरिकेतल्या एखाद्या लढाऊ वैमानिकाने मुदतीआधी सक्रिय सेवा सोडून रिझर्व्ह, म्हणजे अर्धवेळ राखीव दल, धरल्याची बातमी आली की इथला माणूस ती आपल्याच मापाने वाचतो: म्हणजे पीआर (प्रीमॅच्युअर रिटायरमेंट, मुदतपूर्व निवृत्ती) घेतली. नाही घेतली. याच्या उलट गोंधळही तेवढाच जुना. इथला एखादा कमांडर खरोखर पीआर घेऊन बाहेर पडतो आणि नातेवाईक सांगत सुटतात की आता तो नेव्हीच्या रिझर्व्हमध्ये असतो, गरज पडली की विमान घेऊन जाणार. तो कुठेही जाणार नसतो. त्याला शेवटचे विमान मिळून कैक महिने झालेले असतात.

आपली बाजू दाबोळीच्या आसपास राहणाऱ्याला समजावायला नको, म्हणून पटकन उरकतो. परमनंट कमिशनवाला अधिकारी वीस वर्षे भरली की पेन्शनला पात्र होतो, म्हणून बहुतेक अर्ज त्या आकड्याच्या पलीकडे पडतात. शॉर्ट सर्व्हिसवाल्याची मुदत ठरलेली असते. नौदलात ती वाढत चौदा वर्षांपर्यंत जाते. ती संपली की ग्रॅच्युइटी घेऊन मोकळा, पेन्शन नाही. मुदतीआधी सोडायचे तर अर्ज करायचा आणि वाट बघायची. मंजूर करायचा की नाही हे सरकार ठरवते. २०१९ मध्ये बँकेत निवड झालेल्या एका वायुसैनिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की मनाला येईल तेव्हा नोकरी सोडण्याचा बिनशर्त हक्क फौजेतल्या माणसाला नाही. मात्र एकदा सही झाली, की नाते तुटले. गणवेश कपाटात गेला, उड्डाण संपले.

‘पण रिझर्व्ह लायबिलिटी असते ना?’ असते. सेवेच्या अटींप्रमाणे काही वर्षे नाव राखीव यादीत राहते आणि सरकारने बोलावले तर यावे लागते. यादीत नाव असणे एवढाच त्याचा अर्थ. तिला स्क्वॉड्रन नाही, विमान नाही, महिन्याची हजेरी नाही, पगार नाही. हवाई दलासाठी १९५२ चा राखीव आणि सहायक दलांचा कायदा आहे. त्याखाली मुंबई, दिल्ली, मद्रास अशा ठिकाणी सहायक स्क्वॉड्रन उभी राहिली होती आणि नोकरी-धंदा सांभाळून माणसे त्यांत उडतही होती. पुढे ती नियमित हवाई दलात सामावली गेली. आज भारतात शनिवार-रविवारी येऊन लढाऊ किंवा टेहळणी विमान उडवणारा वैमानिक नाही.

अमेरिकेत आहे, आणि भरपूर आहेत. फरक डोळ्यांसमोर आणायचा तर समुद्रावर टेहळणी करणारे पी-८ घ्या, कारण हे विमान आपल्याला डोक्यावरून जाताना दिसते. हंसावर मार्च २०२२ मध्ये दुसरे पी-८आय स्क्वॉड्रन, आयएनएएस ३१६, उभे राहिले. त्यात कामाला असणारा प्रत्येक जण पूर्णवेळ नौदलात आहे. त्याच विमानाचा अमेरिकी भाऊ पी-८ए. तो तिकडे फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला व्हीपी-६२ आणि वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी आयलंडला व्हीपी-६९ ही दोन स्क्वॉड्रन उडवतात, आणि ती दोन्ही नौदलाच्या रिझर्व्हची आहेत. तिथे डाव्या सीटवर बसलेला माणूस आठवड्यातले बाकीचे दिवस एखाद्या एअरलाइनचे ७३७ घेऊन फिरत असू शकतो. त्याने नौदल सोडले का? सक्रिय सेवा सोडली, नौदल नाही.

या रिझर्व्हचा हिशेब ठरलेला असतो. वर्षाला ४८ ड्रिल, म्हणजे हजेरीची सत्रे. एक ड्रिल म्हणजे चार तास, एका शनिवार-रविवारात चार ड्रिल बसतात, म्हणून ‘महिन्यातून एक वीकेंड’ हे वाक्य पडले. प्रत्येक ड्रिलला एका दिवसाचा मूळ पगार, त्यामुळे दोन दिवसांत चार दिवसांचे पैसे. शिवाय वर्षाकाठी दोन आठवड्यांची सलग सेवा. वैमानिकांचे एवढ्यावर भागत नाही. रात्रीचे उड्डाण, हवेत इंधन भरणे, उपकरणांवरचे अवतरण यांचा ताजेपणा टिकवायचा तर जास्तीच्या उड्डाण सत्रांना यावेच लागते. महिन्यातून एक वीकेंड म्हणून जो पायलट जातो, तो वर्षभरात चेकराइडला, म्हणजे उड्डाण चाचणीला, आपटतो.

आता जिथे सगळे घसरतात तो मुद्दा. ‘मुदतीआधी सोडून रिझर्व्हमध्ये’ हे ऐकले की वाटते सरकारने उरलेली वर्षे माफ केली. अमेरिकी हवाई दलात वैमानिकावर दहा वर्षांच्या सक्रिय सेवेचे बंधन असते, आणि ती दहा मोजायची ती विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) मिळाल्यापासून, अधिकारी म्हणून कमिशन मिळाल्यापासून नाही. उड्डाण प्रशिक्षणाचे वर्षभर किंवा जास्त त्यात धरतच नाहीत. हे बंधन संपायच्या आत रिझर्व्ह किंवा नॅशनल गार्डमध्ये (एरवी राज्यांच्या हाताखाली असणारे तसलेच अर्धवेळ दल) जाण्याचा जो मार्ग आहे त्याला पॅलेस चेस म्हणतात. बंधन पूर्ण करून, एका दिवसाचाही खंड न पडता जाण्याचा मार्ग म्हणजे पॅलेस फ्रंट. नावे इतकी सारखी की अमेरिकी लोकही अदलाबदल करतात.

पॅलेस चेसमध्ये बाकी राहिलेली सेवा पटीत वाढवून रिझर्व्हमध्ये फेडायची असते. पट धोरणाप्रमाणे वेळोवेळी बदलते. अधिकाऱ्यांसाठी तिप्पटीचा हिशेब बराच काळ चालत आला आहे, म्हणून उदाहरणाला तोच घेतो. समजा विंग्ज मिळून आठ वर्षे झाली, बंधनाची दोन उरली. तिप्पट म्हणजे सहा वर्षे रिझर्व्हमध्ये. थांबला असता तर दहाव्या वर्षी पूर्ण मोकळा झाला असता. आता चौदाव्या वर्षापर्यंत करारात आहे. बँकेने कर्ज माफ केले नाही, हप्ता लहान करून मुदत वाढवून दिली. ते ड्रिल चुकवले, हजेरी समाधानकारक नसली, तर त्याला परत सक्रिय सेवेत ओढता येते. उड्डाण बोनस घेतला असेल तर न कमावलेला भाग वसूल होऊ शकतो. आपल्या पीआरमध्ये यातले काहीच नाही. आपल्याकडे अवघड असते ती मंजुरी, आणि ती मिळाली की मागे देणे उरत नाही. तिकडे मंजुरी मिळाली की देणे सुरू होते.

तरी माणसे जातात, कारण सहा वर्षांचा वीकेंड आणि दोन वर्षांची पूर्णवेळ नोकरी यांत घर, शहर आणि एअरलाइनची सीनिऑरिटी यांचा फरक आहे. एअरलाइनमध्ये दोन वर्षे आधी लागलेला माणूस निवृत्त होईपर्यंत दोन वर्षे पुढेच राहतो. पसंतीचे बेस, विमान, सुट्ट्या, सगळे त्या क्रमांकावर मिळते. माझ्या मते मात्र दोन वर्षे किंवा त्याहून कमी उरली असतील तर पॅलेस चेसच्या नादी लागू नये. कागदपत्रांतच बराच वेळ जातो. गुपचूप दहा भरावीत आणि पॅलेस फ्रंटने जावे, करार डोक्यावर न घेता.

कागदपत्रे कुठे अडतात हेही बघू. पहिली पायरी म्हणजे घेणारे स्क्वॉड्रन शोधणे. रिझर्व्हमध्ये भरती मुख्यालय करत नाही, स्क्वॉड्रन स्वतः मुलाखत घेऊन माणूस निवडते. जागा नसेल तर पुढचे सगळे फुकट. दुसरी पायरी सोडणाऱ्या बाजूची संमती: कमांडरांच्या शिफारशी चढत चढत टेक्सासमधल्या रँडॉल्फच्या मनुष्यबळ केंद्रापर्यंत जातात. वैमानिकांची टंचाई असली की अर्ज इथे पडतो, आणि टंचाई बहुतेक असतेच. तिसरी पायरी कोणी सांगत नाही आणि तिथेच तारखा चुकतात: स्क्रोल. सक्रिय दलातले कमिशन आणि रिझर्व्हचे कमिशन कायद्याने वेगळे. रिझर्व्हचे कमिशन मिळण्यासाठी नाव एका यादीत जाऊन संरक्षण मंत्र्यांच्या पातळीवर मंजूर व्हावे लागते, आणि त्याला काही महिने लागतात. सुटण्याची तारीख आधी आली आणि स्क्रोल मागाहून, तर मधले आठवडे तो कुठल्याच दलात नसतो. सेवेत खंड पडतो आणि आरोग्य विम्यापासून उड्डाण पात्रतेपर्यंत सगळे नव्याने सुरू करावे लागते. म्हणून सोडण्याची तारीख स्क्रोलच्या अंदाजावर ठेवावी, एअरलाइनच्या क्लास डेटवर, म्हणजे तिथले प्रशिक्षण सुरू होण्याच्या तारखेवर, नव्हे.

इथे कोणीतरी आठ वर्षांचा नियम काढतो. अमेरिकेत फौजेत शिरलेल्या प्रत्येकावर एकूण आठ वर्षांचे लष्करी बंधन असते. सक्रिय सेवा त्याआधी संपली तर उरलेली वर्षे इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्हमध्ये काढावी लागतात, म्हणजे ड्रिल नाही, पगार नाही, फक्त नाव. आपल्या राखीव यादीशी जुळणारी अमेरिकेतली गोष्ट ही आहे. तुलना करायचीच तर हिच्याशी करा, व्हीपी-६२ शी नको. वैमानिकाला तिचा त्रासही फारसा नसतो, कारण विंग्जनंतरची दहा वर्षे भरली की आठ कधीच मागे पडलेली असतात. तो पुढे रिझर्व्हमध्ये दिसला तर स्वतःच्या मर्जीने किंवा पॅलेस चेसच्या कराराने.

बाकी फरक किरकोळ आहेत. गार्ड आणि रिझर्व्ह यांत मुख्य भेद म्हणजे गार्ड एरवी राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली असतो. पेन्शन रिझर्व्हलाही मिळते, पण हजेरीचे पन्नास किंवा जास्त गुण मिळवलेली वीस ‘चांगली’ वर्षे लागतात आणि पैसे साधारण साठाव्या वर्षी सुरू होतात. आपल्या वीस वर्षांवाल्याला ते दुसऱ्या महिन्यापासून मिळतात. आणि कृपा करून सचिनला मध्ये आणू नका. २०१० मध्ये हवाई दलाने त्याला मानद ग्रुप कॅप्टन केले. तो सन्मान आहे, रिझर्व्ह नाही. धोनीचे प्रादेशिक सेनेतले लेफ्टनंट कर्नलपदही मानदच.

एअरलाइनच्या दारात मात्र दोन्ही वाटा एकत्र येतात. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने रिझर्व्ह ड्युटीसाठी गेलेल्याची नोकरी आणि सीनिऑरिटी मालकाला राखून ठेवावी लागते. फौजी वैमानिकाला एअरलाइनच्या परवान्यासाठी एरवीच्या १५०० ऐवजी ७५० तास पुरतात. आपल्याकडे एटीपीएलला, म्हणजे एअरलाइन कॅप्टनच्या परवान्याला, १५०० तास लागतात. पी-८आयवाल्याचे ते लांब गस्तींमुळे लवकर भरतात. मिग-२९केवाल्याला तास-दीड तासाच्या उड्डाणांतून ते जमवायला वर्षे जातात. वर डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाची) क्लास वन मेडिकल, एअर रेग्युलेशनची परीक्षा, आरटीआर हा रेडिओ वापरण्याचा परवाना. पी-८ हे ७३७-८०० च्या सांगाड्यावरच बांधलेले, पण म्हणून परवान्यावर ७३७ आपोआप चढत नाही. टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानाची वेगळी पात्रता, करावेच लागते. अर्ज करण्याआधीच लॉगबुकातले तास अधिकृत शिक्क्यानिशी प्रमाणित करून घ्यावेत. युनिट सुटल्यावर त्या एका सहीसाठी दाबोळीच्या गेटवर पास काढून उभे राहावे लागते, आणि सही करणारा अधिकारी तोवर विशाखापट्टणमला बदलून गेलेला असतो.