चिलापीवर मरळ: उजनीतल्या उपायामागचा इतिहास

चिलापी (तिलापिया) मासा आवरायला त्याला खाणारा मरळ मासा सोडा, असा उपाय उजनी धरणाच्या काठावर सहज सुचवला जातो. चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली. ती भराभर वाढते आणि वाढते तिथे दुसऱ्याला जागा ठेवत नाही, हे लक्षात आल्यावर 1959 मध्येच तिच्या प्रसारावर बंदी आली. उजनी धरण पूर्ण झालं 1980 मध्ये, म्हणजे बंदीनंतर 21 वर्षांनी. तरी आज भीमेच्या या पाण्यात जाळं टाकलं की आधी चिलापीच हाती येते.

खरा गुंता 'उपद्रवी' या शब्दात आहे. तळ्यात मत्स्यबीज सोडण्याआधी भक्षक मासे आणि तण मासे (न पाळता वाढणारे, खाद्य खाणारे छोटे मासे) काढून टाका, असं मत्स्यपालनाची शिकवण सांगत आली. मरळ, शिंगटा, वाम हे भक्षक. माशांना विषारी ठरणारी मोहाची पेंड टाकून तळं साफ करायचं, मग कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडायची. ज्या मरळीला आपण शत्रू ठरवलं, तिलाच आता औषध म्हणायचं. हा बदल वाईट नाही, पण तो उघडपणे मान्य करायला हवा. शिवाय चिलापी उपद्रवी, ती कुणासाठी? बोटुकलीच्या हिशेबात ती कटला-रोहूच्या वाढीत आड येते. पण बीजावर पैसा न घालता रोज विक्रीला मिळणारा मासा तोच आहे. उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात चिलापी घेऊन जाणाऱ्या घरांना न विचारता तिला कीड ठरवणं मला पटत नाही.

मरळ किती उपयोगी पडेल, हे चिलापी जाळ्यातून सोडवताना कळतं. तिच्या पाठीचा पंख ताठ उभा राहतो आणि काटे बोटात रुततात. मरळीच्या तोंडातही ते तसेच उभे राहणार. कटल्याच्या बोटुकलीला असे काटे नसतात, म्हणून ताटात आधी तीच जाते. शिवाय चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते आणि धोका दिसला की पिल्लांना पुन्हा तोंडात घेते. मरळ स्वतः काठच्या गवतात, उथळ पाण्यात राहते. उजनीचा मधला खोल विस्तार तिचा नाही.

बाहेरचे दाखले दोन्ही बाजूंचे आहेत. अमेरिकेत मिशिगन सरोवरात 1966 पासून कोहो सामन हे शिकारी मासे सोडले आणि माजलेला एलवाइफ मासा आटोक्यात आला. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरात 1950च्या दशकात नाइल पर्च हा शिकारी मासा सोडला. त्याने तिथल्या शेकडो स्थानिक जाती संपवत आणल्या. आपल्याकडे परदेशी मांगूर या शिकारी माशावर 2000 मध्ये बंदी आली, तरी उजनीच्या पट्ट्यातल्या तळ्यांत छापे घालून तो नष्ट करावा लागला. मरळ निदान इथलीच आहे.

उन्हाळ्यात उजनी वजा पातळीत गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपला, की सगळं भीमेच्या जुन्या पात्राकडे सरकतं. सुमारे 117 टीएमसीच्या धरणात उपयुक्त साठा 53च, बाकी मृतसाठा. कमी पाण्यात शिकार आणि शिकारी एकाच जाळ्यात सापडतात, आणि भाव मरळीला जास्त, म्हणून ती आधी विकली जाते. चिलापी पुन्हा अंडी घालायला मागे उरते.