सॅव्हॉय संगीतिकांची हौशी प्रयोगपरंपरा

सॅव्हॉय संगीतिकांची हौशी प्रयोगपरंपरा : नाटककार विल्यम श्वेंक गिल्बर्ट (१८३६–१९११) आणि संगीतकार आर्थर सलिव्हन (१८४२–१९००) या जोडीच्या विनोदी संगीतिका हौशी मंडळ्यांनी रंगमंचावर आणण्याची इंग्लंडमधील व पुढे इतर इंग्रजी भाषिक देशांतील परंपरा. या मंडळ्यांचे सभासद मोबदला न घेता गातात व भूमिका करतात. खर्च वर्गणी आणि तिकीटविक्रीतून भागतो. १८७१ ते १८९६ या काळात दोघांनी मिळून १४ कृती रचल्या. निर्माते रिचर्ड डॉयली कार्ट (१८४४–१९०१) यांनी १८८१ मध्ये लंडनला सॅव्हॉय थिएटर बांधले आणि त्यावरून या संगीतिकांना सामूहिक नाव मिळाले, जरी आरंभीच्या कृती अन्य नाट्यगृहांत झाल्या होत्या. मराठी संगीत नाटकाप्रमाणे यांतही गद्य संवाद आणि पदे आलटून पालटून येतात. ‘ट्रायल बाय ज्युरी’ (१८७५) ही अथपासून इतिपर्यंत गायली जाणारी एकांकी तेवढी याला अपवाद आहे.

उगम : या परंपरेचा आरंभ नेमका कोठे मानावा याविषयी एकमत नाही. तीन मते प्रामुख्याने आढळतात.

पहिल्या मतानुसार बीज सलिव्हन यांच्या ‘कॉक्स अँड बॉक्स’ या छोट्या संगीतिकेत आहे. एफ. सी. बर्नंड यांनी लिहिलेली ही कृती १८६६ च्या सुमारास मित्रमंडळींच्या खासगी मेळाव्यासाठी तयार झाली. गाणारे हौशी होते. त्यांत व्यंगचित्रकार जॉर्ज द्यू मॉरिए यांचाही समावेश होता. पियानोची साथ खुद्द सलिव्हन यांनी केली आणि वाद्यवृंदाची रचना नंतर, १८६७ मधील सार्वजनिक प्रयोगासाठी झाली, असे दिसते. पहिल्या खासगी प्रयोगाच्या तारखेविषयी मतभेद आहेत. सलिव्हन यांची विनोदी संगीतिका हौशी गळ्यांतून प्रथम उमटली ही गोष्ट लक्षणीय असली, तरी तिच्यात गिल्बर्ट यांचा हात नाही आणि तिच्यापासून कोणतीही मंडळी उभी राहिली नाही. म्हणून तिला पूर्वपीठिका म्हणणेच इष्ट. गिल्बर्ट यांनीही १८७८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या गेइटी थिएटरमध्ये धर्मादाय कार्यासाठी झालेल्या एका हौशी पँटोमाइममध्ये (गाणी व विनोद असलेला इंग्रजी नाट्यप्रकार) हार्लेक्विन या विदूषकी पात्राची भूमिका केली होती. हौशी रंगभूमी त्या काळच्या सुशिक्षित वर्गात किती रुजली होती याची त्यावरून कल्पना येते.

दुसरे मत अमेरिकेच्या बाजूचे आहे. गिल्बर्ट-सलिव्हन यांचे ‘एच. एम. एस. पिनाफोर’ लंडनला मे १८७८ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बॉस्टनमध्ये त्याचा अनधिकृत प्रयोग झाला आणि पाठोपाठ देशभर लाट उसळली. अशा अनधिकृत निर्मितींची संख्या सुमारे १५० सांगितली जाते. हा आकडा अंदाजाचाच समजावा. परदेशी लेखकाच्या कृतीला अमेरिकेत तेव्हा कायद्याचे संरक्षण नव्हते. ते १८९१ च्या कायद्याने मिळाले. त्यामुळे पियानोसह गाण्यासाठी छापलेली स्वरलिपी ज्याच्या हाती पडेल त्याला त्यावरून आपला वाद्यवृंद बांधता येई. या लाटेत मुलांच्या मंडळ्या होत्या, तशाच चर्चमधील गायकांतून उभ्या राहिलेल्याही होत्या. त्यांना हौशी म्हणावे काय, हा खरा प्रश्न आहे. चर्चमधील कित्येक गायक मुळात पगारी असत. शिवाय एप्रिल १८७९ मध्ये अशाच गायकांना घेऊन बॉस्टनला निघालेली ‘आयडियल ऑपेरा कंपनी’ आरंभापासून व्यवसाय म्हणूनच चालली.

तिसरे मत इंग्लंडमधील किंग्स्टन-अपॉन-टेम्स येथील ‘हार्मोनिस्ट्स कोरल सोसायटी’ला अग्रमान देते. या समूहगायन संस्थेने एप्रिल १८७९ च्या अखेरीस तेथील ड्रिल हॉलमध्ये ‘पिनाफोर’ केले. लंडनमध्ये व्यावसायिक प्रयोग चालूच होते (पहिल्या फेरीत त्यांची संख्या ५७१ पर्यंत गेली), तरी कार्ट यांनी हौशी मंडळ्यांना परवाने देण्यास याच सुमारास सुरुवात केली. हे मत अधिक ग्राह्य वाटते. कोणी आधी गायले एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. परवाना, भाड्याने मिळणारी वादकांची पुस्तके आणि मूळ प्रयोगाबरहुकूम सादरीकरणाची अट ही पुढच्या ऐंशी वर्षांच्या हौशी परंपरेची घडण ठरवणारी तीन अंगे होती आणि ती अमेरिकेतील लाटेत नव्हती.

परवाना आणि परिपाठ : स्वतःच्या संगीतिकांच्या तालमी गिल्बर्ट स्वतःच घेत. रंगमंचाची छोटी प्रतिकृती आणि पात्रांच्या जागी ठोकळे घेऊन ते प्रत्येकाच्या जागा व हालचाली आधी ठरवीत. मग नटांना त्यांत बदल करण्यास वाव नसे. हा सारा तपशील कार्ट यांच्या नाटकमंडळीच्या, म्हणजे डॉयली कार्ट कंपनीच्या, रंगसूचना-पुस्तकांत उतरला आणि कंपनीबरोबर हौशी मंडळ्यांपर्यंत पोहोचला. कंपनीतून निवृत्त झालेले नट-गायक हौशी मंडळ्यांचे दिग्दर्शन करीत; त्यामुळे पुस्तकात नसलेल्या लकबी, पंख्याची उघडझाप, ‘वन्स मोअर’साठी राखून ठेवलेली वेगळी गंमत अशा गोष्टी तोंडी परंपरेने टिकल्या. या परिपाठाने कित्येक प्रयोग साचेबंद केले, ही टीका खरी आहे. मात्र वाद्यवृंदाची पूर्ण स्वरलिपी सहजी छापील मिळत नसलेल्या काळात लहान गावातल्या गायकांनाही विश्वसनीय पाठ मिळत राहिला, तो याच व्यवस्थेमुळे.

हक्कांचा (कॉपीराइटचा) कालावधी हा या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग होय. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क राहत. सलिव्हन २२ नोव्हेंबर १९०० रोजी वारले. त्यामुळे संगीतावरील हक्क १९५० अखेर संपला. गिल्बर्ट २९ मे १९११ रोजी वारले. त्यांच्या शब्दांवरील हक्क १९६१ अखेरपर्यंत चालू राहिला. मधल्या ११ वर्षांत स्वर सर्वांचे आणि शब्द कंपनीचे, अशी स्थिती होती. या फटीचा पहिला ठळक लाभ नृत्यरचनाकार जॉन क्रॅन्को यांनी घेतला. मार्च १९५१ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात आलेल्या ‘पाइनॲपल पोल’ या त्यांच्या बॅलेसाठी चार्ल्स मॅकेरस यांनी सलिव्हन यांच्या संगीताचीच जुळणी केली. बॅलेत गावे लागत नसल्याने शब्दांच्या परवानगीचा प्रश्नच आला नाही. गाणाऱ्या मंडळ्यांना मात्र १९६१ अखेरपर्यंत परवाना घ्यावाच लागला. त्यानंतर काळ, स्थळ, वेशभूषा बदलून प्रयोग करण्याची मोकळीक आली. मूळ डॉयली कार्ट कंपनी फेब्रुवारी १९८२ मध्ये बंद पडली, तेव्हा वर्षभर फिरत राहून हा सगळा संग्रह गाणारी व्यावसायिक संस्था उरली नाही आणि त्याचा भार मुख्यतः हौशींवर आला.

या मंडळ्यांच्या संघटनेचा मागोवा घेताना ‘नॅशनल ऑपरेटिक अँड ड्रॅमॅटिक असोसिएशन’ (स्थापना १८९९) हिचा उल्लेख आवश्यक आहे. शताब्दी उलटल्यावरही ती ब्रिटनमधील हौशी रंगमंडळ्यांची प्रमुख संघटना आहे.

हौशी गळ्यांसाठी अनुकूलता : या संगीतिका हौशी मंडळ्यांना का मानवल्या, याचे उत्तर विनोदापेक्षा रचनेत शोधावे लागते. गंभीर ऑपेरात बहुधा नायक-नायिकेच्या पाठीशी उभा असणारा समूह येथे स्वतःच पात्र आहे. त्यातही गिल्बर्ट बहुतेक वेळा दोन परस्परविरोधी समूह घेतात : ‘आयोलँथी’त (१८८२) पऱ्या आणि उमराव सभेचे सभासद, ‘पेशन्स’मध्ये (१८८१) काव्यवेड्या तरुणी आणि घोडदळाचे शिपाई, ‘द पायरट्स ऑफ पेन्झन्स’मध्ये (१८७९) चाचे, पोलीस आणि मेजर-जनरलच्या मुली. सलिव्हन प्रत्येक समूहाला स्वतंत्र चाल देतात आणि मग दोन्ही चाली एकाच वेळी, एकमेकींवर बसवून गाववतात. ‘पायरट्स’च्या दुसऱ्या अंकात पोलिसांचे भेदरलेले ‘टॅरंटारा’ आणि मुलींचे त्यांना रणांगणी पाठवणारे गीत एकत्र येते ते याचे नमुनेदार उदाहरण आहे. दोन्ही ओळी सुट्या शिकायला सोप्या, पण एकत्र येताच श्रोत्याला भारून टाकणाऱ्या. ४० सभासदांच्या मंडळीत प्रमुख भूमिका जेमतेम दहा जणांना मिळतात. बाकीच्यांना संध्याकाळभर खरे काम देणारे लेखन संगीत रंगभूमीवर दुर्मीळ आहे. त्याच संगीतिकेत वाद्यांची साथ सोडून सर्वांनी गायचे ‘हेल, पोएट्री’ हे पद आहे. ते जुळले की समूह कसाला उतरला असे जाणकार मानतात, आणि ते मानणे योग्यच आहे.

प्रमुख भूमिकांचे साचेही ठरलेले आहेत. भराभर शब्द फेकत गाणारा विनोदी बॅरिटोन (मध्यम पट्टीचा पुरुष गायक) हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. या भूमिका जॉर्ज ग्रॉस्मिथ (१८४७–१९१२) यांच्यासाठी लिहिल्या गेल्या. ते ऑपेरागायक नव्हते, पियानोवर बसून एकपात्री करमणूक करणारे कलावंत होते. त्यामुळे या पदांचा स्वरविस्तार मर्यादित आहे. उच्चार आणि लय मात्र निर्दोष लागतात. आवाज बेताचा पण जीभ तयार असलेल्या नटाला त्यामुळे वाव मिळतो. प्रौढ स्त्रीचा ठसकेबाज कॉन्ट्राल्टो, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज (‘मिकाडो’तील कातिशा, ‘पायरट्स’मधील रूथ) हाही साचा हौशी मंडळ्यांना सोयीचा, कारण अनुभवी गायिका त्यांच्याकडे असतातच. या प्रौढ स्त्रियांची थट्टा करण्याची गिल्बर्ट यांची रीत आज खटकते, आणि चांगल्या गायिका त्या भूमिकेला सलिव्हन यांनी दिलेल्या करुण स्वरांकडे वळवतात. तेनोर (वरच्या पट्टीच्या पुरुष) गायकांची टंचाई ही मात्र सर्वत्र आढळणारी अडचण होय.

वाद्यवृंदाबाबत थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. सॅव्हॉयमधील वादकांची संख्या साधारणतः तीसच्या आसपास होती : २ बासऱ्या, १ ओबो, २ क्लॅरिनेट, १ बसून (खर्जातील फुंकवाद्य), २ हॉर्न, २ कॉर्नेट, २ ट्रॉम्बोन, तालवाद्ये आणि तंतुवाद्ये. ‘द योमेन ऑफ द गार्ड’पासून (१८८८) दुसरा बसून व तिसरा ट्रॉम्बोन वाढला. एकच ओबो आणि एकच बसून घेऊन सलिव्हन यांनी जी रंगत साधली ती थक्क करणारी आहे; पण यामुळेच एक वादक गैरहजर राहिला तरी पोकळी जाणवते. पियानोवर भागवणाऱ्या मंडळ्यांच्या प्रयोगात निम्मा विनोद हरवतो, कारण तो बसूनच्या एखाद्या टिप्पणीत किंवा कॉर्नेटच्या खोट्या थाटात असतो.

पाठभेद : ‘रडिगोर’ (१८८७) रंगभूमीवर येताच त्यात काटछाट झाली. १९२० मध्ये कंपनीने पुनरुज्जीवन केले तेव्हा आणखी बदल झाले आणि जेफ्री टॉय यांनी नवी पूर्वसंगती (आरंभीचे वाद्यसंगीत) लिहिली. कोणता पाठ घ्यावा हा निर्णय आता प्रत्येक मंडळीला करावा लागतो. मूळ पाठाकडे कल वाढता आहे. ‘युटोपिया, लिमिटेड’ (१८९३) आणि ‘द ग्रँड ड्यूक’ (१८९६) या उत्तरकालीन कृती कंपनीने दीर्घकाळ बाजूला ठेवल्या. ‘युटोपिया’चे तिच्याकडून पुनरुज्जीवन १९७५ मध्ये झाले. दरम्यान त्या रंगमंचावर जिवंत ठेवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात हौशींना जाते. ‘थेस्पिस’चे (१८७१) बहुतांश संगीत नष्ट झाले असल्याने तिचे प्रयोग सलिव्हन यांच्या अन्य चाली वापरून किंवा नवे संगीत रचून केले जातात.

जपानमध्ये घडणारे ‘द मिकाडो’ (१८८५, पहिल्या फेरीत ६७२ प्रयोग) हे सर्वांत लोकप्रिय आणि आज सर्वांत वादग्रस्त. त्यातील मुख्य जल्लाद को-को ज्यांच्यावाचून कोणाचे अडणार नाही अशा लोकांची यादी गातो; त्या गीतात प्रसंगानुरूप नवी नावे घालण्याची प्रथा जुनी आहे. मूळ संहितेत दोन ठिकाणी असलेला कृष्णवर्णीयांविषयीचा अपमानकारक शब्द १९४८ मध्ये डॉयली कार्ट कंपनीने काढून टाकला. पर्यायी ओळी ए. पी. हर्बर्ट यांनी सुचवल्या. पुढचा आक्षेप वेशभूषेवर आला. २०१४ मध्ये सिअ‍ॅटलमधील प्रयोगात बहुतांश गोऱ्या नटांनी जपानी पात्रे रंगवल्यावर मोठी टीका झाली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधील एका व्यावसायिक संस्थेने जाहीर केलेला प्रयोग मागे घेतला. संगीतिकेचा रोख इंग्रज समाजावर आहे, हा बचाव साहित्यदृष्ट्या बरोबर असला तरी रंगवलेल्या चेहऱ्यांचे समर्थन त्यातून होत नाही. काही मंडळ्यांनी कथा इंग्लंडात किंवा काल्पनिक स्थळी नेऊन मार्ग काढला आहे.

प्रसार : अमेरिकेत फिलाडेल्फियाची ‘सॅव्हॉय कंपनी’ (स्थापना १९०१) केवळ गिल्बर्ट-सलिव्हनला वाहिलेली सर्वांत जुनी हौशी मंडळी मानली जाते, न्यूयॉर्कची ‘ब्लू हिल ट्रूप’ १९२४ ची. हार्वर्ड विद्यापीठात १९५६ पासून विद्यार्थ्यांची मंडळी आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, दक्षिण आफ्रिका येथेही अशा संस्था आहेत. १९९४ पासून डर्बीशरमधील बक्स्टन येथे, काही वर्षे हॅरोगेट येथेही, भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात विविध देशांतील हौशी मंडळ्या परीक्षकांसमोर प्रयोग करतात.