थाळनेरची भाची: लता मंगेशकर यांच्या आजोळाची पार्श्वभूमी

लता मंगेशकर यांच्या चरित्रात थाळनेर हे नाव बहुधा एकदाच येते आणि लगेच पुढच्या ओळीत सांगली किंवा कोल्हापूर सुरू होते. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातले, तापीच्या उत्तर काठावरचे हे गाव म्हणजे त्यांच्या आईचे माहेर. आडनाव गोव्यातल्या मंगेशी गावावरून आले, गाणे वडिलांकडून आले आणि कारकीर्द मुंबईत घडली. त्यामुळे आईकडचा धागा सांगायचा राहून जातो. खानदेशात मात्र लेकीची लेक ही साऱ्या गावाची भाची असते, आणि त्या नात्याने हा भाग जरा सविस्तर पाहायला हवा.

थाळनेर एके काळी राजधानी होते. चौदाव्या शतकात मलिक राजाने फारुकी राजवटीची सुरुवात येथूनच केली, आणि त्या घराण्याच्या कबरी गावात अजून आहेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला व किल्लेदाराला फासावर दिले, तेव्हापासून गावाचा लष्करी दबदबा संपला. उरली ती तापीकाठची काळी जमीन, कापूस आणि देवघेव. गुजरात जवळ असल्याने पेढीवर गुजराती, बाजारात अहिराणी आणि कचेरीत मराठी असा तिहेरी व्यवहार या पट्ट्यात कोणाला वेगळा वाटत नसे. सेठ हरिदास रामदास लाड हे येथले सुखवस्तू गुजराती व्यापारी व जमीनदार. लताबाईंचे ते आजोबा.

या घराशी लताबाईंचे वडील दीनानाथ मंगेशकर यांचा संबंध जुळला तो संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात. १९०० साली मंगेशीत जन्मलेले दीनानाथ लहान वयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. त्यांची तेज, उसळती तान बालगंधर्वांच्या आर्जवी गायकीपेक्षा इतकी निराळी होती की रसिकांत उघड दोन पक्ष पडले. हरिदास लाड यांची कन्या नर्मदा या दीनानाथांच्या पहिल्या पत्नी. त्यांच्या अकाली निधनानंतर १९२७ मध्ये दीनानाथांनी त्यांच्याच धाकट्या बहिणीशी, शेवंती यांच्याशी विवाह केला. सर्वांना ‘माई’ म्हणून माहीत असलेल्या त्या ह्याच. नाटकवाल्याला मुलगी द्यायला भलीभली घरे कचरत, अशा त्या काळात एका व्यापारी घरातल्या दोन मुली एकापाठोपाठ एका नटाच्या संसारात आल्या, ही लहान गोष्ट नव्हे.

लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला झाला. पाळण्यातले नाव हेमा. पुढे वडिलांच्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून लता झाले. थाळनेरच्या आजीकडून त्या पावागढचे गरबे शिकल्या. गरब्याची रीत अशी की एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी टाळीच्या ठेक्यावर ती झेलायची आणि फेर चालू राहायचा; दम कोठे घ्यायचा हे कोणी सांगत नाही, पावलाबरोबर ते आपोआप कळते. शब्द स्पष्ट ठेवून चाल पुढे नेण्याचा हा धडा त्यांना फार लवकर मिळाला असावा, असे मला वाटते. अर्थात याचा पुरावा मागू नये.

दुसरा धडा वडिलांचा, आणि तो बराच कडक. दीनानाथ एकदा शिष्याला पूरिया धनाश्री राग घोटायला सांगून बाहेर गेले. पाच-सहा वर्षांच्या लताने त्याची चूक ऐकली आणि ‘असे नाही, बाबा असे गातात’ म्हणून गाऊन दाखवले. दीनानाथ परतले तेव्हा ते त्यांच्या कानी पडले. आपण बाहेरच्यांना शिकवतो आहोत आणि गवई तर घरातच आहे, असे ते माईंना म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला उठवून तंबोरा जुळवला. ही हकीकत लताबाईंनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९३८ मध्ये सोलापूरला वडिलांच्या बैठकीत त्या खंबावती राग गायल्या आणि नंतर त्यांच्याच मांडीवर डोके ठेवून झोपी गेल्या.

बोलपट आल्यावर नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. बलवंत मंडळीने स्वतः चित्रपट काढून पाहिला, पण कर्जच वाढले आणि मंडळी मोडली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले, तेव्हा मागे माई आणि पाच मुले होती: लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. थोरली तेरा वर्षांचीही नव्हती. मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत तिने ‘पहिली मंगळागौर’सारख्या चित्रपटांत कामे केली, तोंडाला रंग लावणे मुळीच आवडत नसताना. १९४५ मध्ये कंपनीबरोबर मुंबई, तेथे अमान अली खाँ भेंडीबाजारवाले यांची तालीम. मग संगीतकार गुलाम हैदर यांचा पाठिंबा आणि १९४९ चा ‘महल’. त्या चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर आधी गायिकेचे नाव नव्हते, पडद्यावरच्या पात्राचे, कामिनीचे होते. पुढची कीर्ती, २००१ चे भारतरत्न आणि ६ फेब्रुवारी २०२२ चे निधन वाचकांना ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र आजोळाच्या ओघात सांगायला हवी. ‘आनंदघन’ या टोपणनावाने लताबाईंनी मराठी चित्रपटांना संगीत दिले, आणि भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’मधल्या चाली घणाच्या ठेक्यावर, पाणवठ्यावर शोभतील अशा आहेत. त्यांची माती कोल्हापूरची. उगाच खानदेश त्यात शोधू नये. पण बैठकीच्या गाण्यात वाढलेल्या गायिकेला बायकांच्या तोंडच्या चाली परक्या नव्हत्या, हे त्यांतून कळते. त्या चित्रपटाला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन यांचे नाव पुकारले गेले. कोणीच उठेना. शेवटी निवेदकाने सांगितले की आनंदघन म्हणजे समोर बसलेल्या लता मंगेशकर, तेव्हा त्या जागेवरून उठल्या.