गॅलरीतले पारवे: हाकलण्यापेक्षा बसायची जागाच मोडा

मळ्यातल्या दगडी विहिरीत डोकावले की फडफडाट करत पारवे वर येतात. विहिरीत ते पाण्यासाठी राहत नाहीत. पारवा मूळचा कड्याकपारीतला पक्षी आहे. चिमणी-साळुंकीला फांदी चालते, याला लागते दगडाची सपाट कड, वर आडोसा आणि पुढे उडी टाकायला खोल मोकळी जागा. अजिंक्यताऱ्याच्या कातळात असते तशीच जागा सांगलीच्या विश्रामबागेतल्या चार मजली इमारतीच्या डक्टमध्येही, म्हणजे पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीतही, तयार मिळते. पाइपाचे वळण, खिडकीवरचा छज्जा, एसीच्या बाहेरच्या युनिटमागची वीतभर फट, गच्चीवरच्या सोलर पॅनेलखालची पोकळी या सगळ्या त्याच्या लेखी कपारीच आहेत.

एवढे लक्षात घेतले तर निम्मे उपाय का फसतात ते समजते. लोक पारव्याला घाबरवायला जातात. प्लास्टिकचे घुबड, जुन्या सीडी, चमकणारी पट्टी यांनी दोन-चार दिवस फरक पडतो. पारव्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला जवळपास चहूबाजूंचे दिसते. घुबड हलत नाही, झेपावत नाही, हे त्याला लवकर कळते, मग तो त्याच्याच डोक्यावर बसतो. सह्याद्रीच्या कड्यांवरचा शाहीन ससाणा त्याला खरोखर पळवतो, कारण तो कुठून कधी येईल याचा नेम नसतो. ‘अल्ट्रासॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रावर तर पैसे घालूच नयेत. तो आवाज २० हजार हर्ट्झच्या वरचा असतो आणि पारव्याच्या ऐकण्याची वरची मर्यादा माणसापेक्षाही बरीच खाली आहे. जे तुम्हाला ऐकू येत नाही ते त्यालाही येत नाही. पकडून मिरजेहून कऱ्हाडला नेऊन सोडले तरी तो परत येऊ शकतो. घराची दिशा शोधण्यात या पक्ष्याचा हात धरणारे फार थोडे आहेत.

म्हणून पक्षी नव्हे, जागा बदलायची. त्याआधी दोन दिवस नीट पाहा, की पारवा तिथे नुसता बसतो की घरटे करतो. नुसता बसणारा पारवा थोड्या अडचणीने दुसरीकडे जातो. घरटे केलेली जोडी कशालाही जुमानत नाही. घरटे म्हणजे काय, तर खराट्याच्या पंधरा-वीस काड्या, कधी बांधकामावरचे तारेचे तुकडे. पिलांची शीट आई-बाप उचलून टाकत नाहीत. ती कडेने साचत, वाळत जाते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. त्याच थरावर पुढचे घरटे होते, म्हणून जुने घरटे वाटीसारखे जड लागते.

मादी बहुधा दोन अंडी घालते. सुमारे १८ दिवसांत ती फुटतात. दुपारी नर आणि रात्रभर मादी अशी उबवण्याची पाळी असते. पिले साधारण महिनाभराने उडतात आणि तोवर मादीची पुढची अंडी घालायची तयारी सुरू असते. आपल्या हवेत हे चक्र वर्षभर चालते. त्यामुळे योग्य वेळ असते ती काड्या आणण्याचे दोन-चार दिवस. काड्या दिसल्या की रोज सकाळ-संध्याकाळ उचला आणि त्याच आठवड्यात जागा बंद करा. आत पिले असतील तर ती उडेपर्यंत थांबा. पिले आत ठेवून जाळी लावणे क्रूर तर आहेच, वर मेलेली पिले आत कुजतात आणि आई-बाप जाळीत अडकून घेतात. विष घालणे, चिकट सापळा लावणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

जागा बंद करण्याआधी ती साफ करावी लागते, आणि धोका खरा तिथेच आहे. वाळलेल्या शिटीची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते. कोरडा खोकला आणि चढताना लागणारी धाप यांपासून सुरुवात होते आणि पुढे फुप्फुस कायमचे आखडू शकते. शिटीत वाढणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना घातक ठरते. दमेकरी, स्टेरॉइड घेणारे किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले यांनी हे काम करू नये, साफसफाई चालू असताना तिथे थांबूही नये.

कोरडा खराटा कधीच मारू नका. घरातल्या खिडक्या बंद करा, एसीचा मेन स्विच बंद करा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. बादलीभर पाण्यात दोन चमचे भांड्यांचे लिक्विड टाकून फवाऱ्याने सगळा थर भिजवा आणि २० मिनिटे थांबा. थर मऊ झाला की पुट्टीच्या पत्रीने खरवडा, मध्ये कोरडे वाटले तर पुन्हा भिजवा. निघालेले सगळे ओले असतानाच दुहेरी पिशवीत बांधा. मग फरशी धुऊन १ भाग ब्लीचिंगचे द्रावण आणि ९ भाग पाणी असे मिश्रण लावून दहा मिनिटांनी धुऊन टाका. ब्लीचसोबत ॲसिड किंवा संडास साफ करायचे लिक्विड वापरायचे नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. डक्टसारख्या बंद जागेत तो जीवघेणा आहे.

गॅलरी आणि डक्टसाठी जाळीला पर्याय नाही. पारव्यासाठी जाळीचा चौकोन ५० मिलिमीटरचा, म्हणजे दोन इंचांचा हवा, त्याहून मोठा नको. उन्हात टिकणारी, विणलेल्या दोऱ्याची एचडीपीई (एक प्रकारचे प्लास्टिक) जाळी घ्या. मासेमारीच्या दोरीसारखी पारदर्शक नायलॉन जाळी दिसायला छान, पण उन्हाने लवकर ठिसूळ होते. जाळी थेट हुकात अडकवायची नाही. आधी भिंतीत ड्रिल करून प्लग ठोका, दर ३० ते ४५ सेंटिमीटरवर स्टीलचे हुक बसवा, त्यांतून चारही बाजूंनी २ मिलिमीटरची स्टीलची वायर फिरवून ताणा आणि जाळी त्या वायरला बांधा. असे केले की ताण सगळीकडे सारखा बसतो. बोटाने दाबल्यावर जाळी ढोलकीच्या पुडीसारखी उसळली पाहिजे. सैल जाळीत पक्ष्याचा पाय किंवा पंख गुंततो आणि तो तडफडून मरतो.

जाळी फसते ती बहुतेक वेळा कोपऱ्यात. ड्रेनेजचा पाइप भिंतीला समांतर जातो, जाळी पाइपावरून नेली जाते आणि पाइपामागे तीन बोटांची फट राहते. पारवा अंग चोरून तिथूनच आत येतो. जाळी पाइपाला वळसा घालून भिंतीपर्यंत न्यायची. दुसरी चूक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधण्याची, त्या दोन उन्हाळ्यांत तुटतात. तिसरी साध्या लोखंडी हुकांची, कारण आपल्याकडच्या पावसात ते गंजतात. आणि एसीची सर्व्हिस! मेकॅनिक आला की जाळी कापतो आणि भोक तसेच राहते. युनिटसमोर उघडबंद होणारा भाग आधीच ठेवून घ्या. वरच्या मजल्यावर स्टुलावर चढून बाहेर झुकू नका. हे काम दोर बांधून करणाऱ्या माणसाचे आहे.

छज्जावर जाळी बसत नाही. तिथे उतार करा. ४५ अंशांहून तिरक्या गुळगुळीत पृष्ठावर पारव्याचे पाय टिकत नाहीत, आम्ही तर ६० अंशांचाच आग्रह धरू. १५ सेंटिमीटर रुंदीच्या कडेवर ६० अंशांसाठी ३० सेंटिमीटर रुंद पत्रा लागतो, ४५ अंशांसाठी २१. गवंडी सिमेंटचा ढाळ करून देतो म्हणेल. पण ४५ अंशांचा भरीव ढाळ मीटरमागे २० किलोच्या वर वजन टाकतो. जुन्या, पुढे आलेल्या पातळ छज्जावर तो भार नको, पत्राच बरा. पत्र्याच्या दोन्ही टोकांचे त्रिकोण मात्र बंद करा, नाहीतर खाली झकास घरटे होते.

काटेपट्टी फक्त बसण्याच्या कडांवर लावा. जिथे घरटे आहे तिथे पारवे काट्यांतच काड्या अडकवून नवे घरटे करतात. पट्टी स्टेनलेस स्टीलची, बाहेरच्या कडेला लागून आणि थोडी पुढे आलेली हवी. मागे भिंतीपर्यंत चार-पाच सेंटिमीटरहून जास्त जागा उरत असेल तर दुसरी ओळ लावा. पट्टी सीलंटने चिकटवतात आणि धुळीवर ते धरत नाही, म्हणून कड आधी धुऊन पूर्ण वाळू द्या.

सोलर पॅनेलखालची पोकळी २५ मिलिमीटरच्या वेल्डेड जाळीने चारही बाजूंनी बंद करा. ती फ्रेमला क्लिपने धरायची, फ्रेमला भोक पाडायचे नाही, त्याने वॉरंटी जाऊ शकते. पत्रा ठोकून वारा अडवू नका, पॅनेल तापले की वीज कमी होते. काचेवरची शीटही वेळेवर धुवा. ज्या भागावर सावली पडते तो तापून पॅनेल कायमचे खराब होऊ शकते.

आता दाण्याचे. एका पारव्याला दिवसाला साधारण ३० ग्रॅम धान्य पुरते. बाजारात सांडलेली ज्वारी-मका आणि गच्चीवर श्रद्धेने टाकलेले मूठभर दाणे यांवर किती जोड्या पिले वाढवतात, याचा हिशोब त्यावरून करा. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराने १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख पारवे मारले, तरी संख्या घटली नाही, कारण रिकामी जागा नवी पिले भरून काढत होती. १९८८ पासून लोकांना समजावून दाणे टाकणे कमी केले आणि चार-साडेचार वर्षांत संख्या निम्म्यावर आली. ज्यांना दाणा घालायचाच आहे त्यांनी घरापासून लांब, मोकळ्या जागी, पक्षी समोर संपवतील एवढाच घालावा. उरलेला झाडून उचलावा.

एकट्याने जाळी लावली की तीच जोडी शेजारच्या गॅलरीत जाते. शक्य असेल तर डक्टच्या त्या बाजूचे सगळे मजले एकाच आठवड्यात बंद करा. वरचे तोंड आधी बंद करू नका. खालून वर येत शेवटचा भाग संध्याकाळी टॉर्चने पाहून मगच बांधा, म्हणजे आत कोणी अडकणार नाही. त्यानंतर दोन-तीन आठवडे पारवे येऊन जाळीवर आदळतील, फटी शोधतील. त्या दिवसांत रोज एकदा कोपरे तपासा. पुढे दर मान्सूनआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत हुक आणि वायर पाहिली तरी पुरे.