फिरते सुवार्तिक

एकाच मंडळीला किंवा देवालयाला (चर्चला) बांधून न घेता गावोगाव फिरून ख्रिस्ताची सुवार्ता सांगणारे स्त्री-पुरुष. बिशप, धर्मप्रांत, पाळक ही ख्रिस्ती धर्माची घडी पुढे बसली. त्याआधी हा धर्म पसरला तो चालणाऱ्या माणसांमुळे. पुणे परिसरात या परंपरेने जे रूप घेतले, ते युरोपातल्या रूपापेक्षा वेगळे आहे. इथल्या रस्त्यांवर वारकरी, कीर्तनकार, पुराणिक आणि फकीर आधीपासूनच चालत होते, हे त्याचे मुख्य कारण.

येशू स्वतः गालीलात गावोगाव फिरत असे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो बारा शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो आणि काठीखेरीज वाटेसाठी काहीही घेऊ नका, भाकरी नको, झोळी नको, कमरेला पैसा नको, असे बजावतो. पौल तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरत करिंथ, इफिस अशा शहरांतून फिरला. प्रवासी उपदेशकांचा सुळसुळाट झाल्यावर खरा-खोटा ओळखायचा कसा, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. ‘डिडाखे’ या अगदी आरंभीच्या ग्रंथात त्यावर रोखठोक नियम आहेत. आलेल्या प्रेषिताला एक दिवस ठेवून घ्यावे, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही तो हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. आणि गावात कायम राहायचे असेल तर त्याने हातातल्या कसबावर कमवून खावे. पुढच्या सगळ्या शतकांत फिरत्या उपदेशकांवर जे आक्षेप आले, त्यांचे मूळ या चार ओळींत सापडते.

मध्ययुगात चर्चकडे जमीन आणि सत्ता आली, तसे रस्त्यावरचे उपदेशक धर्मसत्तेला खुपू लागले. लियाँचा व्यापारी वाल्डो याने संपत्ती वाटून टाकून उपदेश सुरू केला. त्याचे अनुयायी 1184 मध्ये बहिष्कृत झाले. तीसेक वर्षांत फ्रान्सिस आणि डॉमिनिक यांनी भिक्षेवर जगणारे, फिरणारे संघ उभारले, तेव्हा मात्र पोपने त्यांना मान्यता दिली. वाल्डोचे अनुयायी आणि हे संघ यांच्या जगण्यात फारसा फरक नव्हता. फरक होता तो परवानगीचा.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला अनेक देवालयांची व्यासपीठे बंद झाली, तेव्हा 1739 मध्ये ब्रिस्टलजवळ तो उघड्यावर बोलू लागला. खाणकामगार आणि मजूर यांना देवालयात कोणी बोलावत नव्हते. तोच त्यांच्याकडे गेला. घोड्याचा लगाम सैल सोडून खोगिरावर पुस्तक वाचत त्याने पन्नास वर्षांत सुमारे अडीच लाख मैल प्रवास केला, असा अंदाज आहे. अमेरिकेत फ्रान्सिस ॲस्बरी आणि त्याच्या घोडेस्वार उपदेशकांनी हीच पद्धत वस्त्यावस्त्यांत नेली.

मराठी मुलखात गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना ते पटकीने वाटेतच वारले. पुण्यात स्कॉटिश मिशनचे काम 1830 नंतरच्या दशकात जम धरू लागले. जोतीराव फुले शिकले ते याच मिशनच्या शाळेत. दौऱ्याचा हंगाम पावसाळ्यानंतरचा. बैलगाडीत तंबू आणि पुस्तके भरायची, आमराईत उतरायचे, सकाळी वस्तीत, दुपारी आठवडी बाजारात, जत्रा असेल तर जत्रेत. छोट्या पोथ्या नाममात्र किमतीला विकायच्या. या उघड्यावरच्या उपदेशाला तितकीच उघड उत्तरेही मिळाली: 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले.

इतिहासात नावे राहिली ती बहुतेक गोऱ्या साहेबांची. प्रत्यक्षात वस्ती बांधून ठेवली ती देशी उपदेशकांनी आणि घरोघर जाऊन बायबल सांगणाऱ्या ‘बायबल बायकां’नी, हे ठामपणे नोंदवले पाहिजे. महारवाडा-मांगवाड्यात जाऊन बसणारा, पोरांना अक्षरे गिरवायला लावणारा ‘मास्तर’च रविवारी उपासना चालवी. पुरुष साहेबाला घराच्या ओसरीपुढे जाता येत नसे, तिथे बायबल बाई माजघरात बसून बोले. दुष्काळात पोटासाठी धर्म बदलला, असा आरोप या वस्त्यांवर नेहमी होतो. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांची संख्या वाढली, हे खरे. पण पाणवठ्यावर ज्यांना उभे राहू दिले जात नव्हते, त्यांना शेजारी बसवून घेणारा माणूस मिळाला, हे कारण भाकरीपेक्षा लहान नव्हते.

भाषणाची जागा कीर्तनाने घेतली, तेव्हा ही परंपरा खरी मराठी झाली. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ताला अभंगाची बोली दिली आणि अखेरच्या काळात, 1917 मध्ये, मिशनचा पगार सोडून संन्याशासारखे राहिले. साताऱ्याला त्यांनी मांडलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही बसू शकत.

पुण्यापुरते बोलायचे तर पंडिता रमाबाई यांच्याइतके मोठे उदाहरण दुसरे नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे फिरते पुराणिक. तीर्थक्षेत्री देवळात बसून पुराण सांगायचे, मिळेल त्या दानावर राहायचे आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची, असे या कुटुंबाचे आयुष्य. आईने मुलीला संस्कृत शिकवले ते अशा भटकंतीतच. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. त्यानंतर भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी देश तुडवत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज, पुढच्या वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा, 1890 मध्ये मुंबईहून पुण्यात आणलेले, विधवांसाठीचे शारदा सदन, मग दौंडजवळच्या केडगावचे मुक्ती सदन: स्थिर संस्था उभारताना त्यांनी जुनी वाट सोडली नाही. 1905 मध्ये केडगावला उज्जीवनाची, म्हणजे धार्मिक जागृतीची, लाट आली तेव्हा मुक्तीतल्या मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या. या मुलींत बालविधवा आणि दुष्काळातून उचलून आणलेल्या अनाथ पोरी होत्या. ज्यांना घराबाहेर पाऊल टाकायला मनाई होती, त्या चावडीसमोर उभ्या राहून बोलू लागल्या. रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले तेही अशाच ऐकणाऱ्यांसाठी.

रमाबाईंच्या विचारांवर प्रभाव टाकणारे नेहेम्या गोऱ्हे हेही स्वभावाने एका जागी न टिकणारे. काशीतला हा शास्त्री 1848 मध्ये ख्रिस्ती झाला आणि वाद-संवाद करत गावे पालथी घालत राहिला; पुण्यात गुरुवार पेठेतले पंचहौद मिशन हे त्यांचे एक ठिकाण. पंजाबातून आलेल्या साधू सुंदरसिंग यांनी भगवी वस्त्रे घालून अनवाणी फिरण्याची रीत देशभर परिचित केली; 1929 मध्ये तिबेटच्या वाटेवर ते दिसेनासे झाले.

पुणे आज उपदेशक घडवणारे शहर आहे. कॅथलिकांची पेपल सेमिनरी 1955 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली, प्रॉटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये यवतमाळहून बिबवेवाडीला. देशभरातले विद्यार्थी इथे शिकतात आणि पुढे आपापल्या राज्यांत कामाला जातात.